आल्प्सच्या खिंडींतून ग्रुप राइड: आखणीपासून गाडी परत देईपर्यंत

लडाख करून आलेल्या रायडरला आल्प्सचे आकडे किरकोळ वाटतात. खार्दुंग ला पाच हजार मीटरच्या वर, आणि इटलीतली प्रसिद्ध स्टेल्वियो खिंड २७५७ मीटरवर. आल्प्समधली सर्वांत उंच डांबरी खिंड म्हणजे फ्रान्समधली कोल द लीझरां, तीही २७६४ मीटरवरच थांबते. विरळ हवेचा त्रास इथे फारसा होत नाही. इथली परीक्षा वेगळी आहे: एका दिवसात दोन-तीन खिंडी, प्रत्येक खिंडीला डझनांनी हेअरपिन वळणं, उजव्या बाजूची वाहतूक, सायकलस्वारांच्या रांगा, रस्ताभर पसरणाऱ्या बस. शिवाय आपल्या मागे-पुढे आपलीच माणसं, आणि त्यांच्या बरोबरीने राहायची ओढ.

अपघाताची खरी भीती या ओढीचीच असते. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: प्रत्येकाने घाट स्वतःच्या वेगाने चढायचा आणि तरीही ग्रुपने एकत्र राहायचं. हे रस्त्यावर आपोआप जमत नाही, निघण्याआधी ठरवावं लागतं.

आधी माणसं

सहा बाइक हा आकडा मला सर्वांत चांगला वाटतो. आठपर्यंत चालतं. त्यापुढे दोन ग्रुप करा, दोन्हींना वेगळे लीड, म्हणजे सर्वांत पुढे राहून रस्ता धरणारे रायडर, द्या आणि रात्री हॉटेलवर भेटा. दहा-बारा गाड्यांची रांग घाटात कुणालाच सोसत नाही. मागच्या कारला ओव्हरटेक करता येत नाही, चहाला थांबायचं तर जागा मिळत नाही, आणि एकाला लघवीला जायचं असलं तरी अर्धा तास जातो.

तिकिटं काढण्यापूर्वी सगळ्यांनी एकदा समोरासमोर बसा आणि या गोष्टी स्पष्ट बोला. रोज किती किलोमीटर? खिंडींच्या दिवशी १५० ते १८० पुरेत. नकाशावर हे हास्यास्पद वाटतं, पण तेवढ्यात सहा-सात तास जातात. दारू? गाडीची किल्ली रात्री खिशातून बाहेर आल्याशिवाय कुणीही घ्यायची नाही. पाऊस आला तर थांबायचं की चालवायचं, हे कोण ठरवणार? लीड. त्यावर वाद रात्री घालायचा, रस्त्यावर नाही. कॉन्ट्री किती आणि ती कोणाकडे? पेट्रोल ज्याचं त्याने भरावं. टोल, पार्किंग आणि चहा-कॉफी सामायिक गल्ल्यातून. एखादा मित्र या बैठकीतच 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हणत असेल, तर त्याच्याशी वेगळं बोलून घ्या.

सरावही इथेच करा. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात अख्खा ग्रुप एकदा तरी एकत्र चालवलेला हवा. कोण वळणात ब्रेक मारतो, कोणाला पाठीमागे कोणी असलं की घाई होते, हे त्या एका दिवसात कळतं. पिलियन, म्हणजे मागे बसणारं कोणी, येणार असेल तर सरावालाही तीच जोडी न्या.

कधी जायचं

उंच खिंडी हिवाळाभर बर्फाने बंद असतात. स्टेल्वियो साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, स्वित्झर्लंडमधली फुर्काही त्याच सुमारास. ऑक्टोबरमध्ये पहिल्या मोठ्या बर्फासोबत एकेक खिंड मिटत जाते. जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे हे उत्तम दिवस. सप्टेंबर निवडलात तर आधी गणपतीच्या तारखा बघा, नाहीतर घरच्यांशी बोलताना अडचण होईल. ऑगस्टचा मध्य टाळा, कारण १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर असते आणि घाटात गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. स्टेल्वियो आणि इटलीच्याच डोलोमाइट्स डोंगरांतल्या सेला परिसरातल्या खिंडी वर्षातून एखाद-दोन दिवस केवळ सायकलींसाठी राखून ठेवतात. त्या तारखा आधी तपासा. प्रसिद्ध खिंडी शनिवार-रविवारी नकोत, सोमवार ते गुरुवार घ्या.

कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण एका शिक्क्यावाचून एकजण काउंटरवरच अडकू शकतो. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून फॉर्म ४-ए भरून मिळतो आणि एक वर्ष चालतो. त्यावर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे ना, हे तिथेच बघा; केवळ कारचा शिक्का असलेला परवाना आल्प्समध्ये निरुपयोगी. मूळ भारतीय लायसन्स सोबत हवंच. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, त्यामुळे हॉटेलं पक्की केल्यावरच अर्जाला हात घाला. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र स्वस्त पॉलिसींमध्ये मोठ्या सीसीची दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला असू शकतो. विमा कंपनीकडून तेवढा मुद्दा लेखी घ्या, डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरला आहे का तेही विचारा.

हेल्मेटवर युरोपीय मानकाची, म्हणजे गोलातल्या 'ई' अक्षराची खूण हवी. फ्रान्सला शिरणार असाल तर ग्लोव्ह्ज घालणं २०१६ पासून सक्तीचं आहे. ऑस्ट्रियात बाइकवरही प्रथमोपचार पेटी लागते; ती भाड्याच्या गाडीत आहे का ते बघा.

गाडी

म्युनिक हे सुरुवातीसाठी सोयीचं शहर. भारतातून तिथे थेट पोचता येतं, बाइक भाड्याने देणारे भरपूर आहेत आणि दोन तासांत डोंगर सुरू होतात. तिथे सगळ्यांना बीएमडब्ल्यूची मोठी जीएस हवी असते. पण तिचं वजन २५० किलोच्या घरात आहे आणि आपल्यातले बरेचजण दोनशे किलोच्या आतल्या ३५० सीसीवर वाढलेले. घाटात वळणावर थांबावं लागलं की हा फरक पायाला कळतो. ७०० ते ९०० सीसीची, कमी उंचीच्या सीटची गाडी घ्या. आल्प्समध्ये त्याहून जास्त ताकदीची गरजच पडत नाही. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, हा माझा ठाम आग्रह आहे.

करारात तीन गोष्टी वाचा: कोणत्या देशांत गाडी न्यायची परवानगी आहे, अपघातात आपल्या खिशातून किती रक्कम जाणार, आणि कच्च्या रस्त्यावरचं नुकसान विम्यात आहे का. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडवली जाते, तेव्हा तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा, टायरची खाच बघा. पॅनिअर, म्हणजे बाजूच्या सामानपेट्या, रिकामे असताना आणि भरल्यावर गाडी एकेकदा पार्किंगमध्ये फिरवा.

सात दिवसांचा मार्ग

पहिल्या दिवशी म्युनिकहून गार्मिशमार्गे टेल्फ्सला या, तिथून झेलराइनच्या दरीतून कूताईला चढा आणि ओट्सला उतरून झोल्डनला मुक्काम करा. कूताई दोन हजार मीटरच्या जरा वर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, पण रस्ता सरळ स्वभावाचा. उजवीकडून चालवायची सवय इथे होते.

दुसऱ्या दिवशी टिमल्सयोख. २४७४ मीटरची ही खिंड ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आहे, टोल लागतो आणि रात्री रस्ता बंद असतो. वरून इटलीच्या बाजूला उतरताना रस्ता अचानक अरुंद आणि खोल होतो, अंधारे बोगदे लागतात; उन्हाचा गॉगल काढूनच आत शिरा. पुढे मेरानवरून प्राडला या. अंतर कमी आहे आणि ते मुद्दाम कमी ठेवलं आहे.

प्राडला राहायचं कारण तिसरा दिवस. स्टेल्वियोची ४८ क्रमांकित वळणं गावाच्या वरच सुरू होतात आणि सकाळी सातला तुम्ही पायथ्याशी असलात तर रस्ता जवळजवळ तुमचाच असतो. वळणांच्या पाट्या खालून वर उतरत्या क्रमाने आहेत: ४८ ने सुरुवात, माथ्याजवळ १. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधला. घोडागाड्यांच्या जमान्यातला असल्यामुळे चढ बेताचा, पण वळणं एकमेकांना चिकटलेली. नऊनंतर इथे बस, कॅम्पर आणि सायकली यांची दाटी होते आणि मजा संपते. माथ्यावरून जरा खाली उतरलं की उंब्राइलचा फाटा लागतो. तिथून स्वित्झर्लंडमध्ये सांता मारियाला उतरा, ओफन खिंडीवरून झेर्नेझ, मग ला पुंतहून आल्बुला चढून टीफेनकास्टेल. आल्बुलाच्या उतारावर रस्त्याशेजारी डोंगरात वळसे घेत जाणारी लाल आगगाडी दिसते. हा लोहमार्ग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथे जरूर थांबा, पण पार्किंगच्या जागेत.

चौथा दिवस हलका: इलान्झ आणि डिझेंटिसवरून ओबराल्प खिंड ओलांडून आंडरमाट. पुढच्या तीनही रात्री इथेच राहा.

पाचव्या दिवशी सामान खोलीवर ठेवून झुस्टन, ग्रिमझेल आणि फुर्का हा सुमारे १२० किलोमीटरचा फेरा. दिशा याच क्रमाने ठेवा. सकाळी वासेनहून झुस्टन चढताना तोंड पश्चिमेला असतं आणि सूर्य पाठीला. दुपारी ग्लेचहून फुर्का चढून परतताना तोंड पूर्वेला, सूर्य पुन्हा पाठीला. उलट फिरलात तर दोन्ही वेळा डोळ्यांत ऊन. झुस्टनचा रस्ता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मोटारी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला, त्यामुळे वळणांची गोलाई मोठी आणि समसमान. ग्रुपमधल्या नवख्याला आत्मविश्वास द्यायला याच्यासारखा घाट नाही. फुर्का जुना आहे. माथ्यावरून रियाल्पकडे उतरताना रस्ता आखडतो. चढताना डाव्या हाताला ऱ्होन हिमनदी दिसते. ती वितळू नये म्हणून उन्हाळ्यात तिच्या काही भागावर पांढरी कापडं पांघरतात. ते बघताना मन खिन्न होतं, पण बघायला हवं.

सहावा दिवस मोकळा ठेवा. पाऊस, बर्फ किंवा आजारपण यात एखादा दिवस जातोच. काहीच झालं नाही तर नुफेनेन चढून आयरोलोला उतरा आणि गॉटहार्डच्या जुन्या, दगडी फरसबंदीच्या त्रेमोला रस्त्याने परत या. ओल्या दिवशी मात्र त्रेमोला नको.

सातव्या दिवशी आल्टडोर्फहून क्लाउझन खिंड आणि मग हायवेने म्युनिक. क्लाउझनपलीकडचं उर्नरबोडन हे स्वित्झर्लंडमधलं सर्वांत मोठं डोंगरी कुरण आहे. इथे गाई रस्त्यावर निवांत उभ्या असतात आणि शेणाने वळणं निसरडी होतात. हायवेसाठी ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड दोन्हींचा व्हिन्येट, म्हणजे हायवे टोलचा स्टिकर, लागतो, बाइकलासुद्धा.

ग्रुपमध्ये नवखे जास्त असतील तर एवढं करू नका. पूर्वेकडचा ग्रोसग्लॉकनर रस्ता घ्या. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, १९३५ साली खुला झालेला. फ्रान्झ वालाक यांनी तो पर्यटकांसाठीच आखला, त्यामुळे रुंद आणि देखणा आहे. टोल भरपूर आहे, पण पैसे वसूल होतात.

उजवं हेअरपिन

आपल्याकडे घाट चालवणाऱ्याला सर्वांत जास्त इथेच शिकावं लागतं. डावीकडून चालवताना डावं वळण आवळतं आणि उजवं मोकळं मिळतं. आल्प्समध्ये हे उलटं होतं. उजवं वळण आतल्या बाजूने, एकदम चढं आणि आखूड असतं. वर्षानुवर्षांची सवय तिथे दगा देते, कारण डोळा आणि हात दोन्ही डाव्या आवळलेल्या वळणासाठी घडलेले असतात.

चढावरच्या उजव्या हेअरपिनला असं जा. वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक आणि गिअर संपवा. बहुतेक गाड्यांना पहिला लागतो. आपल्या लेनच्या डाव्या कडेला, मधल्या रेषेच्या अलीकडे या. मान वळवून उजव्या खांद्यावरून वरचा रस्ता बघा: वरून बस किंवा कार येतेय का? येत असेल तर वळणाच्या खालीच, सरळ भागात थांबा. रस्ता मोकळा असेल तर थोडं उशिरा वळा, म्हणजे बाहेर पडताना गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाणार नाही. थ्रॉटल बारीक पण अखंड ठेवा, क्लच पूर्ण दाबू नका, पुढचा ब्रेक विसरा. वेग कमी करायचा तर मागच्या ब्रेकवर हलका पाय. नजर सतत बाहेर पडायच्या टोकावर. भिंतीकडे पाहिलं की गाडी भिंतीकडेच जाते.

वळणाच्या मधोमध थांबणं हे गाडी पडायचं मुख्य कारण. आतली बाजू खाली गेलेली असते, पाय टेकवायला जातो आणि जमीन सापडत नाही. इंजिन बंद पडलंच तर वरच्या, बाहेरच्या बाजूचा पाय टेका. तरीही गाडी कलली तर सोडून द्या. अडीचशे किलो सावरायला गेलेला गुडघा महिनाभर दुखतो.

डावं हेअरपिन सोपं वाटतं. तिथला धोका म्हणजे आत कापायचा मोह. कापलंत तर तुम्ही समोरच्याच्या लेनमध्ये आहात. उतारावर दोन्हींना एकच नियम: जेवढ्या खालच्या गिअरमध्ये चढला असता तेवढ्याच गिअरमध्ये उतरा आणि इंजिनला गाडी धरू द्या.

आणखी एक. दचकल्यावर आपला हात डावीकडे जातो. वळणावर तसं होऊ नये म्हणून टाकीवर उजवीकडे बाण दाखवणारी चिकटपट्टी लावा. डाव्या बाजूने निघायची चूक मात्र बहुधा रिकाम्या रस्त्यावर होते, पंपावरून किंवा फोटो काढून निघताना. दर थांब्यानंतर लीडने इंटरकॉमवर 'उजवीकडे' म्हणावं, रोज, शेवटच्या दिवशीसुद्धा.

ग्रुप कसा चालवायचा

सपाटीला दोन ओळींत आळीपाळीने, घाटात एका ओळीत. खिंडीच्या पायथ्याशी थांबा आणि ग्रुप सुटा करा. वेगाने जाणारे पुढे, बाकीचे मागे, दोघांत निदान एक मोकळं वळण. माथ्यावरच्या पार्किंगमध्ये भेट. वर पोचलेल्याने शेवटच्यासाठी थांबायचं आणि 'किती उशीर' म्हणायचं नाही. सर्वांत मागे स्वीप: तो अनुभवी असावा, केशरी किंवा पिवळ्या जॅकेटमधला, आणि प्रथमोपचाराचं सामान त्याच्याकडे. फाट्यांसाठी सोपा नियम पाळा: प्रत्येकजण आपल्या मागच्याला जबाबदार. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, त्याला रस्ता दाखवायचा, मग निघायचं. मागचा आलाच नाही तर पुढचेही आपोआप थांबतात आणि काहीतरी झालं हे सगळ्यांना कळतं. सगळ्यांच्या फोनमध्ये त्या दिवसाचा नकाशा ऑफलाइन हवा. युरोपियन सिमचं रोमिंग स्वित्झर्लंडमध्ये पुष्कळदा चालत नाही, आधी विचारून घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पोस्टबस येते तेव्हा वळणाआधी तिचा तीन सुरांचा हॉर्न ऐकू येतो. डोंगरी टपालमार्गांवर, म्हणजे निळ्या पाटीवर पिवळा कर्णा असेल तिथे, तिच्या चालकाच्या सूचना पाळणं बंधनकारक आहे. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा सर्वसाधारण नियम.

वेग, आवाज आणि हवामान

गावाबाहेर मर्यादा ऑस्ट्रियात १००, इटलीत ९०, स्वित्झर्लंडमध्ये ८०. स्वित्झर्लंडमधला दंड जबर असतो आणि मोठा वेगभंग हा थेट फौजदारी गुन्हा आहे. ऑस्ट्रियातल्या टायरोल प्रांताच्या आउसरफेर्न भागात २०२० पासून उन्हाळ्यात, उभ्या गाडीचा मोजलेला आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त असलेल्या बाइकना बंदी आहे. हा आकडा गाडीच्या कागदांवर असतो. गावांत इंजिन शांत ठेवा. तिथल्या लोकांच्या खिडकीखालून दिवसभर बाइक जातात, त्यांची चीड रास्त आहे.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. दरीत २८ अंश असताना माथ्यावर १२ असू शकतात, वाऱ्यात आणखी कमी. आतला थर्मल थर आणि पावसाळी सूट पॅनिअरच्या सर्वांत वर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाट बहुधा दुपारनंतर होतो, म्हणून मोठी खिंड सकाळीच उरका. सकाळी माथ्यावरचा वेबकॅम बघा. खालच्या पाटीवर जर्मनमध्ये 'गेश्लोसन' किंवा इटालियनमध्ये 'किउजो' लिहिलं असेल तर रस्ता बंद, वाद नको. डांबरातल्या भेगा बुजवायला ओतलेले काळे पट्टे ओले झाले की फार निसरडे असतात.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींना असते. टायरोलमध्ये पालकाचे क्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे) आणि चीज घातलेले श्पेत्सले (अंडं घातलेल्या पिठाचे नूडलसारखे तुकडे), स्वित्झर्लंडमध्ये बटाट्याची रोष्टी सगळीकडे मिळते. 'श्पेक' म्हणजे डुकराचं मांस, ते नको म्हणून सांगा. घरून चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे राहू द्या. रविवारी पंपावर माणूस नसतो आणि भारतीय कार्ड यंत्रात अडू शकतं. इटलीत बऱ्याच पंपांचं यंत्र नोटा घेतं, म्हणून सुट्ट्या युरोंची गड्डी जवळ असू द्या.

काही झालंच तर

पहिला माणूस जखमीकडे जात नाही; तो वरच्या आणि खालच्या वळणाला माणसं उभी करतो. दुसरी धडक टाळणं आधी. मग ११२. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये रेगा हेलिकॉप्टरसाठी १४१४. स्टेल्वियोसारख्या रस्त्यावर वळणाचा क्रमांक सांगा, जागा लगेच सापडते. हेल्मेट घाईने काढू नका; श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून. नेटवर्क नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा दिव्याचा इशारा ही आल्प्समधली मदतीची खूण आहे. किरकोळ पडलेल्याला त्या दिवशी पुन्हा घाट चढायला लावू नका. स्वीपने त्याच्यासोबत दरीतल्या रस्त्याने हॉटेल गाठावं.

गाडी परत देताना

टाकी भरा, धुण्याची अट असेल तर धुवा, आणि परतीचाही व्हिडिओ काढा. कर्मचाऱ्यासमोर गाडी तपासून सहीचा कागद घ्या; अनामत सुटायला काही दिवस लागतात. कॅमेऱ्यात सापडलेल्या वेगाचे दंड भाड्याच्या कंपनीमार्फत आठवड्यांनी, कधी महिन्यांनी कार्डावर येतात. म्हणून कोण कोणत्या नंबरच्या गाडीवर होता याची यादी हिशेबनीसाने जपून ठेवावी आणि कॉन्ट्रीतली उरलेली रक्कम तोवर वाटू नये.